पडणाऱ्यांच्या बाजूने

"हे सगळं खोटं असतं, माहीत आहे ना तुम्हाला?"

हा प्रश्न मला आजवर बायकोने विचारला आहे, सासऱ्यांनी विचारला आहे, ऑफिसातल्या साहेबांनी विचारला आहे आणि दातांच्या डॉक्टरांनीही विचारला आहे. डॉक्टरांनी तो माझ्या तोंडात दोन हत्यारं आणि एक नळी असताना विचारला, त्यामुळे त्या वादात तेच जिंकले.

विचारणाऱ्याच्या आवाजात राग नसतो, कळवळा असतो. पन्नाशीला टेकलेला, घराचे हप्ते वेळेवर भरणारा, सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवर मुद्देसूद बोलणारा माणूस जेवणं झाली की टीव्हीसमोर बसतो आणि चकचकीत चड्ड्या घातलेल्या दोन अमेरिकन बाप्यांना एकमेकांवर उड्या मारताना बघतो. ते संपलं की पांढऱ्या भुवयांच्या चिनी म्हाताऱ्याचा सिनेमा लावतो. या बिचाऱ्याला कुणी काही सांगितलेलं दिसत नाही, असं लोकांना वाटतं.

तर सगळ्यांना मिळून एकदाच सांगतो: माहीत आहे. या कुस्त्या भरवणाऱ्या खुद्द कंपनीनेच सांगितलं आहे, तेही सरकारदरबारी. १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे डब्ल्यूडब्ल्यूएफने स्वतःहून मांडलं की आमचा प्रकार हा खेळ नव्हे, करमणूक आहे. यात पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख येते आणि मागोमाग कर येतो. आपल्याकडे लोक कर वाचवायला मार्च महिन्यात खोट्या भाडेपावत्या जोडतात. यांनी कर वाचवायला खरं सांगून टाकलं. इतकं करून प्रेक्षक कमी झाले म्हणावं, तर तेही नाही. उलट पुढची दहा वर्षं संपता संपता या धंद्याला जी भरती आली ती आधी कधी आली नव्हती. म्हणजे गुपित फोडून काही बिघडत नाही. बिघडतं ते फक्त आमच्या सासऱ्यांचं.

आमच्या घरातला खरा विरोधी पक्ष मात्र सासरे नव्हेत, तात्या. तात्या माझे थोरले चुलते. कोल्हापूरच्या तालमीत लाल मातीत वाढलेले, दोन्ही कान कुस्तीत मोडून घेतलेले. नव्वदच्या दशकात आमच्याकडे केबल आली तेव्हा "अमेरिकेची कुस्ती हाय म्हणं" असं ऐकून ते मुद्दाम संध्याकाळी आले आणि पटका काढून खुर्चीत बसले. पडद्यावर एका पैलवानाने दुसऱ्याला डोक्यावर उचललं आणि धाडकन पाठीवर आपटलं.

"झाली," तात्या उठले. "चितपट. चला जेवायला."

पण पडलेला उठून उभा राहिला.

"आरं, पाठ लागली की त्येची! पंच कुठं हाय?"

पंच दोराबाहेरच्या एका सुटाबुटातल्या माणसाशी भांडत होते. एवढ्यात तो दुसऱ्यांदा आपटला गेला, मग तिसऱ्यांदा. तात्या बोटं मोजत होते. मी समजावलं की इथे पाठ टेकवून तीनपर्यंत मोजावं लागतं.

"तीन कशाला? एकाला काय झालं?"

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. मग एकाने रिंगखालून घडीची लोखंडी खुर्ची काढली. कोल्हापूरच्या खासबागेत कुस्तीच्या मैदानात खुर्ची आली म्हणजे कुणीतरी पाहुणे आले, एवढंच तात्यांना ठाऊक. ते कौतुकाने म्हणाले, "कोण आलं बघ." खुर्ची पाहुण्यांना न देता समोरच्याच्या पाठीत घालण्यात आली तेव्हा तात्यांनी पायात चपला सरकवल्या. "ह्यी कुस्ती न्हवं," दारातून निकाल आला, "ह्यो तमाशा हाय."

त्यांनी ती शिवी म्हणून वापरली होती. मला ते इतकं नेमकं वर्णन वाटलं की मी आजतागायत तेच वापरतो. गणगौळण झाली की गवळणी खऱ्याच मथुरेच्या बाजाराला निघाल्या आहेत का, असं विचारत कुणी तंबूतून उठून जात नाही.

पुढे एकदा मी तात्यांना दारासिंगची आठवण करून दिली. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर पन्नास-साठच्या दशकात ज्या फ्रीस्टाइल कुस्त्या व्हायच्या, दारासिंग आणि तो महाकाय किंगकाँग भिडायचे आणि मुंबई लोटायची, ते तरी काय होतं? किंगकाँग तर मूळचा हंगेरीचा, नाव एमिल चाया. नुसत्या नावाने त्याला कुणी तिकीट काढून बघितलं नसतं. तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दारासिंगचं नाव घेऊ नगंस." म्हणजे मुद्दा पटला होता.

आता यातलं खोटं नक्की कुठे आहे ते बघू. रिंग वीस फूट लांब, वीस फूट रुंद. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. गादी नाही. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं, हे मान्य. पण सव्वाशे किलोचा माणूस त्या फळ्यांवर पाठीवर पडतो तेव्हा फळ्या खऱ्या असतात, सव्वाशे किलो खरे असतात आणि पाठही त्याचीच असते. पडायची रीत आहे. हनुवटी छातीशी दाबून धरायची म्हणजे डोकं आपटत नाही. श्वास सोडायचा. दोन्ही हात पसरून तळव्यांनी कॅनव्हासवर फटका मारायचा, म्हणजे मार पाठभर वाटला जातो आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. याला ते 'बंप' म्हणतात. नवशिक्याला आधी हे शिकवतात, मारायचं नंतर. आपल्या तालमीत पहिल्या दिवसापासून न पडण्याचं शिक्षण असतं. इथे पहिल्या दिवसापासून पडण्याचं. मी ज्या गोष्टीवर फिदा आहे ती हीच.

लाथेच्या आवाजाचीही अशीच गंमत. शॉन मायकल्स समोरच्याच्या हनुवटीवर लाथ मारायचा आणि स्टेडियमभर फाटकन आवाज घुमायचा. हनुवटीतून असा आवाज येत नाही. लाथ लागते त्याच क्षणी तो हळूच स्वतःच्या मांडीवर थाप मारतो. तात्यांना मी हे रिमोटने थांबवून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला. "परत दाव." परत दाखवलं.

"म्हंजी शड्डूच की ह्यो! खरं, चोरून का ठोकतंय?"

आपल्याकडे मांडी ठोकून मग लढतात, तिथे लढता लढता लपून ठोकतात. तात्यांच्या मते भारत आणि अमेरिका यांच्यातला सगळा फरक एवढाच आहे.

नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्या मराठी पोरांचं या पैलवानांवरचं ज्ञान टीव्हीपेक्षा पत्त्यांवरून आलेलं असे. प्रत्येक पत्त्यावर एकाचा फोटो आणि खाली उंची, वजन, छाती, दंड, लढती. महाराष्ट्रातले जिल्हे सांगताना गडचिरोलीपाशी अडकणाऱ्या मुलांना योकोझुनाचं वजन पौंडांत पाठ होतं. हा योकोझुना जपानी सुमो म्हणून मिरवायचा. मूळचा सॅन फ्रान्सिस्कोचा, सामोअन वंशाचा. अंडरटेकरबद्दल तर गल्लोगल्ली अशी ठाम माहिती होती की तो सात वेळा मेला आहे आणि सात वेळा उठला आहे. हा आकडा सात का, हे कुणी विचारत नसे. आपल्याकडे जन्मसुद्धा सातच असतात. वास्तवात तो टेक्सासचा मार्क कॅलावे, १९९० साली 'सर्व्हायव्हर सीरिज'मध्ये अंडरटेकर म्हणून पहिल्यांदा पडद्यावर आलेला. आणि अस्थिकलश हातात धरून त्याच्या मागे फिरणारा तो पांढऱ्याफटक चेहऱ्याचा मॅनेजर पॉल बेअरर? तो प्रत्यक्षातही अंत्यविधी करणाऱ्यांच्या व्यवसायाचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस होता. या सबंध खोट्या जगात परवाना असलेला हा एकच गृहस्थ, आणि सगळ्यांत खोटा वाटायचा तोच.

'खिलाडियों का खिलाडी' १९९६ साली आला आणि अक्षयकुमारने अंडरटेकरला उचलल्यामुळे आमच्या पिढीत दोन तट पडले. एका तटाला देशाभिमान दाटून आला, दुसऱ्याला शंका. शंकेखोर बरोबर होते. सिनेमातला अंडरटेकर म्हणजे ब्रायन ली. याच ब्रायन लीने १९९४ च्या 'समरस्लॅम'मध्ये तोतया अंडरटेकर होऊन खऱ्या अंडरटेकरशी लढत केली होती. म्हणजे अक्षयकुमारने मुंबईच्या सिनेमात उचलला तो खोट्या कुस्तीतला खोटा अंडरटेकर. तोतयांची परंपरा असलेल्या आपल्या इतिहासाला हे काही नवं नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचाही तोतया निघालाच होता.

जाता जाता पांडाचं सांगायला हवं. डब्ल्यूडब्ल्यूएफ हीच आद्याक्षरं वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या त्या पांडाच्या चिन्हवाल्या संस्थेचीही होती. प्रकरण कोर्टात गेलं, संस्था जिंकली आणि २००२ मध्ये कंपनीला एफ काढून तिथे ई लावावा लागला. एवढे पर्वतप्राय पैलवान पदरी असलेल्या मालकाला शेवटी चितपट केलं ते एका पांडाने, आणि तेही तीन मोजायच्या आत.

बायकोचा विरोध मोडला तो केनमुळे. एका रात्री ती पाणी प्यायला बाहेर आली आणि नाइलाजाने विचारलं, "आता हा मुखवटेवाला कोण?" मी म्हटलं, अंडरटेकरचा धाकटा भाऊ. लहानपणी घराला आग लागली, आई-वडील गेले, हाही गेला असं सगळे समजत होते. अंडरटेकरनेच आग लावली असा आरोप. १९९७ मध्ये हा अचानक पिंजऱ्याचं दार उपटून हजर झाला.

ती सोफ्याच्या हातावर टेकली. "मग इतकी वर्षं याला सांभाळलं कुणी?"

"मॅनेजरने. पुढे असं निघालं की मॅनेजरच याचा बाप."

"अगं बाई! म्हणजे सावत्र भाऊ!"

त्या दिवसापासून आमच्या घरात आठ ते साडेनऊ तिच्या मालिका आणि त्यानंतर माझी मालिका अशी शांतता नांदते. डाव कुठला पडला याच्याशी तिला कर्तव्य नसतं. "दोघं बोलतात का आता एकमेकांशी?" एवढंच विचारते. ते कधी एकत्र येऊन इतरांना मारतात, कधी एकमेकांना. हे तिला अत्यंत स्वाभाविक वाटतं, तिच्या माहेरी दोन काकांचं असंच आहे. केनची भूमिका करणारा ग्लेन जेकब्स १९९५ मध्ये याच कंपनीत एक दुष्ट दंतवैद्य म्हणून उभा राहिला होता आणि २०१८ मध्ये टेनेसी राज्यातल्या नॉक्स काउंटीचा महापौर म्हणून निवडून आला, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "राजकारणात जायच्या आधीच एवढा अनुभव!" दंतवैद्याचा तपशील मी माझ्या डॉक्टरांना सांगणार होतो, पण तोंड रिकामं मिळत नाही.

कुंग फूचा नाद त्याआधीचा, व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळायच्या काळातला. कॉपीची कॉपी, तिची कॉपी; चित्र इतकं धूसर की लाथ कुणी मारली हे किंकाळीवरून ओळखायचं. ब्रूस लीने पूर्ण केलेले कुंग फू सिनेमे चारच. 'एंटर द ड्रॅगन' पडद्यावर यायच्या आधी, २० जुलै १९७३ रोजी तो हाँगकाँगमध्ये गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. मागणी अफाट आणि माल चार रिळांचा, त्यामुळे बाजारात ड्रॅगन ली आला, शिवाय इंग्रजीत एखाददुसरं अक्षर इकडेतिकडे करून आणखी दोन ब्रूस आले. आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला अर्धा गुण कापायच्या. या एका वेलांटीपायी आमचे कॅसेटचे अख्खे पैसे बुडायचे. कहर म्हणजे 'गेम ऑफ डेथ'. ब्रूस लीने मागे ठेवलेल्या थोड्याशा चित्रीकरणाभोवती बदली माणसं उभी करून १९७८ मध्ये तो पुरा केला. त्यात एका दृश्यात आरशावर चक्क त्याच्या चेहऱ्याचं कापलेलं चित्र चिकटवलं आहे आणि खाली भलत्याच माणसाचं धड बसलं आहे. तरीही शेवटी पिवळ्या कपड्यातला खरा ब्रूस ली आणि सव्वासात फुटी करीम अब्दुल जब्बार समोरासमोर येतात, तेवढ्यासाठी चाहते आधीचा पुठ्ठा पोटात घालतात. भक्ती म्हणतात ती हीच.

पण माझं दैवत ब्रूस ली नव्हे. ब्रूस ली पडत नाही, हा त्याचा दोष. माझं दैवत म्हणजे हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीचा 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन', साल १९७८, दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग, नायक गॉर्डन लिऊ. घरच्यांच्या खुनाचा सूड घ्यायचा म्हणून एक विद्यार्थी शाओलिन मठात जातो. इथे हिंदी सिनेमा असता तर एका गाण्यात शिक्षण उरकून मध्यंतराआधी सूड सुरू झाला असता. लाउ कार-ल्युंगला सूडात रसच नाही. सिनेमाचा भलाथोरला मधला भाग नुसता अभ्यासाचा आहे. मठात पस्तीस दालनं. नायक आगाऊपणाने आधी सर्वांत वरच्या दालनात घुसतो, तिथले म्हातारे भिक्षू त्याला जागेवरून न उठता बाहेर फेकतात. मग खालून सुरुवात. जेवणघराच्या वाटेवर पाणी, पाण्यात तरंगता ओंडक्यांचा भारा. त्यावर पाय देऊन पलीकडे गेलात तर कोरडे जेवाल, पडलात तर भिजलेले. पडतो. परत पडतो. दोन्ही हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या वाहायच्या आणि दंडाला सुऱ्या बांधलेल्या, हात खाली आले की बरगडीत. लांब बांबूच्या टोकाला जड हातोडा, त्याने घंटा वाजवायची. डोक्याने वाळूची पोती हाणत पुढे सरकायचं.

हे सगळं बघताना मला अपार शांत वाटतं. अर्धा सिनेमा एक माणूस नुसता शिकतो आहे आणि कुणीही त्याला लवकर आटप म्हणत नाही, असं दृश्य मी प्रत्यक्ष आयुष्यात पाहिलेलं नाही. सगळी दालनं पार झाल्यावर तो म्हणतो, आता छत्तिसावं दालन काढू, मठाबाहेरच्या साध्या माणसांना शिकवायला. तात्यांना मी हा सिनेमा दाखवला तेव्हा ते अथपासून इतिपर्यंत हलले नाहीत. उठताना म्हणाले, "वस्ताद मानसं हायती." त्यांच्या तोंडून याहून मोठी पदवी निघत नाही.

आणि हे वस्तादपण नुसतं पडद्यावरचं नव्हे. वाँग फेई-हुंग नावाचा खराखुरा मल्ल आणि वैद्य दक्षिण चीनमध्ये होऊन गेला. त्याचा शिष्य लाम साई-विंग, लामचा शिष्य लाउ चाम, आणि लाउ चामचा मुलगा हा दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग. ख्यालगायकीत जशी तालीम वरून खाली येते तशीच ही आली. या वाँग फेई-हुंगवर हाँगकाँगने इतके सिनेमे काढले की क्वान ताक-हिंग नावाच्या नटाने सत्तरांहून जास्त सिनेमांत एकट्याने त्याचं काम केलं. अतिशय सात्त्विक, धीरगंभीर. मग १९७८ मध्येच 'ड्रंकन मास्टर' आला आणि त्यात जॅकी चॅनने हाच महापुरुष उनाड, पळपुटा, बापाच्या हातचा मार चुकवणारा पोरगा म्हणून उभा केला. त्याला वळण लावायला येतो तो दारुडा, लाल नाकाचा गुरू. ते काम केलं साठी उलटलेल्या युएन सियू-तिएन यांनी. दिग्दर्शक युएन वू-पिंग त्यांचाच मुलगा. बापाला झिंगलेला म्हातारा करून मुलाने मारामारी करायला लावली आणि दोघांचंही नाव झालं. आमच्याकडे निवृत्त वडिलांना मुलगे फार तर वीजबिल भरायला पाठवतात.

जॅकी चॅनने सुरुवात केली ती मात्र मार खाण्यापासून. लहानपणी तो, सॅमो हुंग आणि युएन बियाओ हाँगकाँगमधल्या यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत होते, छडीखाली कोलांट्या शिकत. ऑपेराचे दिवस सरले तसे ही पोरं सिनेमात पडायच्या कामाला लागली. ब्रूस लीच्या १९७२ च्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'त शेवटी जपानी खलनायक लाथ खाऊन भिंतीतून आरपार उडतो. तो उडणारा माणूस जॅकी चॅन आहे. लोक टाळ्या वाजवतात त्या लाथेला. भिंत फोडायला गेला तो कोण, हे विचारणारे थोडे, आणि मी त्यांच्यातला. पुढे 'प्रोजेक्ट ए'मध्ये घड्याळाच्या मनोऱ्यावरून दोन कापडी छतं फाडत तो जमिनीवर आदळला, आणि सिनेमांच्या शेवटी नामावलीसोबत फसलेल्या उड्या आणि मोडलेली हाडं दाखवायची त्याने प्रथाच पाडली. प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे दिले, ही त्याची पोच.

रिंगमध्येही हेच. १९८७ मध्ये 'रेसलमेनिया थ्री'ला हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं, ते चित्र सगळ्या जगाने पाहिलं. जाहिरातीत आंद्रेचं वजन पाचशे वीस पौंड. पाठीच्या दुखण्याने तो बेजार होता. एवढा माणूस मनात नसेल तर क्रेनलाही उचलता येत नाही. होगन मोठा झाला, कारण आंद्रेने पडायचं ठरवलं. मिक फोली तर या पंथाचा संतच. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरने त्याला सुमारे सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या माथ्यावरून खाली समालोचकांच्या टेबलावर टाकलं. हे ठरलेलं होतं. स्ट्रेचरवरून उठून तो परत वर चढला, हे बहुधा त्याच्या आईला मंजूर नव्हतं. मग पिंजऱ्याचं छतच निखळलं आणि तो आत कोसळला, हे कुणीच ठरवलं नव्हतं. पडलो तरी नाक वर, असं आपण म्हणतो. फोलीचं नाक वरच होतं, फक्त त्यात त्याचा दात येऊन बसला होता. पुढच्या वर्षी त्याने स्वतःच्या हाताने लिहून काढलेलं आत्मचरित्र न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. मराठी साहित्यिकांनी यातून लगेच काही निष्कर्ष काढू नये.

मला सर्वांत प्रिय प्रसंग १९९७ च्या 'समरस्लॅम'मधला आहे. ओवेन हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला उलटं धरून आपटलं, अंदाज चुकला आणि ऑस्टिनच्या मानेला जबर मार बसला. त्याचे हातपाय चालेनात. ठरल्याप्रमाणे जिंकायचं होतं ऑस्टिनने. हजारो लोक बघताहेत, कॅमेरे चालू. ओवेन काय करतो? प्रेक्षकांकडे वळून त्यांना डिवचत बसतो, टोमणे मारतो, हातवारे करतो, नुसता वेळ काढतो. मागे ऑस्टिनला रांगत यायला अवधी मिळावा म्हणून. ऑस्टिन कसाबसा आला, लहान मूल ओढेल तसं त्याला मागे ओढलं आणि ओवेन आज्ञाधारकपणे पाठीवर पडला. तीन मोजले. खऱ्या कुस्तीत हरणारा जिंकणाऱ्याची वाट बघत थांबत नाही. दोन वर्षांनी, मे १९९९ मध्ये, हाच ओवेन कॅन्सस सिटीत छतावरून दोराने रिंगमध्ये उतरवला जात असताना आकडी सुटली आणि तो उंचावरून पडून गेला. ते पडणं खरं होतं. मालकांनी त्या रात्री पुढचा कार्यक्रम चालू ठेवला, हे मी त्यांना माफ केलेलं नाही.

आजचं बघतो, पण माझी तक्रार आहे. आता पैलवान फार देखणे, फार तुळतुळीत; प्रत्येकजण जाहिरातीतून उतरून आल्यासारखा. कुंग फूतही तारांवर तरंगणारी आणि संगणकावर काढलेली मारामारी आली. तारांवरचा माणूस सुंदर उडतो, हे खरं; पण तो पडेल याची कुणालाच धास्ती नसते, मग उडाला काय आणि बसला काय. मला जुन्या शॉ ब्रदर्सचे ते रंगीत स्टुडिओतले डोंगर, तो एकदम डोळ्यात घुसणारा झूम, आणि वाक्य संपल्यावरही हलत राहणारे ओठ प्रिय आहेत. तिकडे तेव्हा सिनेमे बिनआवाजी चित्रित करून नंतर आवाज भरत; त्यामुळे मुक्का खाणारा आणि ओरडणारा हे दोन वेगळे कलावंत असत आणि दोघांचं आपापसात फारसं बरं नसावं असं वाटे.

ज्यांना या वाटेला यायचं असेल त्यांनी 'थर्टी-सिक्स्थ चेंबर'पासून सुरुवात करावी, 'ड्रंकन मास्टर' सुटीच्या दिवशी दुपारी बघावा आणि 'गेम ऑफ डेथ' अगदी शेवटी, मन मोठं झाल्यावर. कुस्तीत एकच लढत बघायची तर मार्च १९९७ मधली 'रेसलमेनिया थर्टीन'ची ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिनची बघा. त्यात ऑस्टिन रक्ताने माखलेल्या चेहऱ्याने पेचात अडकतो, हार कबूल करत नाही आणि शेवटी शुद्ध हरपून हरतो. लढत सुरू झाली तेव्हा लोक ब्रेटच्या बाजूचे होते. संपली तेव्हा हरलेल्याच्या नावाचा गजर चालू होता. पुढे काही वर्षं त्या हरलेल्याच्या नावाचे काळे टी-शर्ट अमेरिकेत धो धो खपले. एक माझ्याकडेही आहे, तात्यांनी बघितल्यावर मागून घेतला.